शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर

परदेशी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांची पहिली गोष्ट मराठी माणसाला बहुधा शाळेतच भेटते. ती सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर मागितले, काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधी उभा केला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच जणांचं पथक बोटीने निघालं. स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि वयाची २८ वर्षंही पूर्ण न झालेले कोटणीस. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यांची भूमिका स्वतः केली, आणि ही कहाणी घरोघरी पोचली.

आपण ती त्यागाची कहाणी म्हणून सांगतो. ती तशी आहेच. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. पण मृत्यूआधीच्या दोन वर्षांत ते काय करत होते, याकडे आपलं लक्ष कमी जातं. ते चिनी भाषा शिकले होते, आणि तीही वर्गात उभं राहून शिकवता येईल इतकी. कॅनडाहून चीनमध्ये आलेले शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे ते संचालक झाले होते. तिथल्याच परिचारिका-शिक्षिका कुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं होतं. शेतकरी घरांतून आलेल्या पोरांना ते शल्यचिकित्सा शिकवत होते आणि त्यांच्यासाठी चिनीत पाठ्यपुस्तक लिहीत होते. पथक आलं तेव्हा ते पाहुणे होते. गेले तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांचे मास्तर होते. या चार वर्षांत पाहुणेपण कसं गळून पडलं असेल, हे मला त्यांच्या मृत्यूपेक्षाही अधिक विचार करण्याजोगं वाटतं.

या पुस्तकातले लेख अशा डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी लिहिले आहेत, जे थोड्या मुदतीसाठी दुसऱ्या देशात काम करून आले. संपादकांनी त्यांना एकच अट घातली होती: स्वतःविषयी कमी लिहा, ज्यांच्या शेजारी उभं राहून काम केलंत त्यांच्याविषयी लिहा. तुम्ही विमानतळावर उतरण्याआधी ते तिथे होते आणि तुम्ही परतल्यावरही तिथेच राहिले. त्यांचा दिवस कसा जातो, त्यांना पगार किती उशिरा मिळतो, त्यांनी तुम्हाला काय शिकवलं? ही अट मला पटली म्हणूनच मी प्रस्तावना लिहायला होकार दिला. पण लेखांकडे वळण्याआधी वाचकाला थोडी पार्श्वभूमी हवी, आणि त्यासाठी नेपाळइतकं चांगलं उदाहरण माझ्यापुढे दुसरं नाही.

सांदुक रुइत यांचा जन्म नेपाळच्या ईशान्य टोकाला, तिबेटच्या सीमेलगतच्या ओलांगचुंगगोला या गावचा. गावात शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी लहानग्या सांदुकला कित्येक दिवस पायी चालवत दार्जिलिंगच्या शाळेत नेऊन सोडलं. घरात आजारपणं आणि मृत्यू होते. यांगला नावाची बहीण क्षयाने गेली. पहिली औषधं लागू पडेनात आणि पुढची औषधं परवडण्यासारखी नव्हती. रुइत वैद्यक शिकायला लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात आले आणि नेत्रविद्येसाठी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये. म्हणजे ज्या डॉक्टरकडे पुढे अमेरिकेतले शल्यचिकित्सक शिकायला आले, तो आपल्याच देशातल्या सरकारी संस्थांत घडलेला आहे.

त्या काळी नेपाळच्या खेड्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन जुन्या पद्धतीने व्हायचं. गढूळ झालेलं भिंग सगळंच्या सगळं काढून टाकायचं, आत काहीच बसवायचं नाही, आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा द्यायचा. आपल्याकडच्या जुन्या नेत्रशिबिरांतही हेच चालायचं. ज्यांनी आजोबांच्या नाकावर तो बाटलीच्या बुडासारखा चष्मा पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. हा चष्मा डोंगरात पडला, फुटला, हरवला की माणूस पुन्हा आंधळा. आणि डोंगरात चष्मा दुरुस्त करणारं दुकान नसतं. श्रीमंत देशांत तोवर डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली जाऊ लागली होती. पण ती गरिबांच्या शिबिरात बसवणं धोक्याचं आहे, गावपातळीवर ते जमायचं नाही, असं मोठमोठ्या तज्ज्ञांचं मत होतं. नेपाळमधल्या वरिष्ठांचंही होतं.

१९८५ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी नेपाळला आले. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या डोळ्यांसाठी त्यांनी आधीच मोठं काम केलं होतं. त्यांची आणि तरुण रुइत यांची गाठ पडली. पुढे रुइत सिडनीला जाऊन त्यांच्याकडे वर्षभराहून अधिक काळ राहिले आणि परत काठमांडूला आले. ‘गरिबाला दुय्यम ऑपरेशन का?’ या प्रश्नावर दोघांचं एकमत होतं. हॉलोज १९९३ मध्ये कर्करोगाने गेले. पण त्यांनी मागे ठेवलेली गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यांच्या नावाच्या संस्थेने काठमांडूत लेन्स बनवण्याचा कारखाना उभारायला मदत केली. रुइत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तिलगंगा नेत्र केंद्र सुरू केलं आणि लेन्स तिथेच तयार होऊ लागल्या. पाश्चात्त्य देशांत शंभर डॉलरच्या घरात जाणारी वस्तू पाच डॉलरच्या आसपास मिळू लागली. (याच सुमारास मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानेही स्वतःच्या लेन्स बनवायला घेतल्या होत्या. गरज दोन्हीकडे एकच होती.)

पाहुण्या डॉक्टरने मागे काय ठेवावं, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. हॉलोज यांनी काठमांडूत किती ऑपरेशनं केली हे कुणाच्या लक्षातही नाही. लक्षात आहे तो कारखाना, आणि त्याहून जास्त, एका स्थानिक डॉक्टरच्या हट्टाला त्यांनी दिलेला आधार.

रुइत यांची पद्धत अशी. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत तिरका जाणारा छोटा बोगदा करायचा, त्यातून मोतीबिंदूचा गर अख्खा बाहेर काढायचा आणि त्याच वाटेने लेन्स आत सरकवायची. डोळ्यातल्या दाबाने बोगदा आपोआप मिटतो, टाका घालावा लागत नाही. महागडं यंत्र लागत नाही, सतत वीज लागत नाही. शिबिरात दोन टेबलं शेजारी मांडलेली असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या रुग्णाची तयारी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघते. श्रीमंत देशांत वापरली जाणारी फॅको पद्धत यंत्रावर चालते, आणि नेपाळमध्ये वर्षानुवर्षं पिकलेला, कडक, तपकिरी मोतीबिंदू त्या यंत्राला सहज जुमानत नाही.

तरीही स्वस्त म्हणजे कमअस्सल, हा संशय होताच. म्हणून नेपाळमध्येच तुलना झाली. १०८ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाचं ऑपरेशन रुइत यांनी आपल्या पद्धतीने केलं, दुसऱ्याचं कॅलिफोर्नियाचे फॅकोतज्ज्ञ डेव्हिड चांग यांनी यंत्राने. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या ९८ टक्के रुग्णांची दृष्टी चांगली होती. रुइत यांच्या ऑपरेशनला सरासरी ९ मिनिटं लागली, फॅकोला साडेपंधरा. खर्चात तर तुलनाच नव्हती. हा अभ्यास २००७ मध्ये अमेरिकेतल्या नेत्रविज्ञानाच्या नामांकित मासिकात छापून आला. आपल्या क्षेत्रातल्या एका नावाजलेल्या परदेशी डॉक्टरने या टेबलाशी बरोबरीने उभं राहून कसोटी द्यावी आणि निकाल आपल्या नावानिशी प्रसिद्ध करावा, यालाही मन मोठं लागतं. चांग यांच्याविषयी मला त्या लेखामुळे आदर वाटतो.

जेफ्री टॅबिन यांची गोष्ट थोडी वेगळी. हे अमेरिकन गिर्यारोहक. १९८८ मध्ये एव्हरेस्ट चढून आलेले. नेपाळात डॉक्टर म्हणून काम करताना त्यांनी एका डच पथकाला मोतीबिंदूची ऑपरेशनं करताना पाहिलं, परत जाऊन नेत्रविद्या शिकले आणि रुइत यांच्याकडे आले. रुइत यांनी त्यांना लगेच काठमांडूच्या टेबलाशी उभं केलं नाही, तराईतल्या उकाड्यात, बिराटनगरच्या रुग्णालयात कामाला पाठवलं. तिथे टिकला तर पुढचं बघू. टॅबिन टिकले. १९९५ पासून दोघांनी मिळून हिमालयन कॅटरॅक्ट प्रोजेक्ट चालवला, जो पुढे आफ्रिकेतल्या देशांतही गेला. यात शिष्य कोण आणि गुरू कोण, हे पाहावं. पासपोर्टचा रंग पाहून ठरवायला गेलो असतो तर आपण चुकलो असतो.

नेपाळवर मी मुद्दाम रेंगाळलो, कारण तिथे शेवट चांगला झाला. सगळीकडे तसा होत नाही.

पण आधी इथिओपिया, कारण तेही उदाहरण आनंदाचंच आहे. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे ऑस्ट्रेलियातले स्त्रीरोगतज्ज्ञ दांपत्य १९५९ मध्ये तीन वर्षांच्या करारावर अदिस अबाबाला गेलं. काम होतं सुइणींना शिकवण्याचं. पण दारात ज्या बाया येऊ लागल्या त्यांचा आजार वेगळाच होता. बाळंतपण अडून दिवसच्या दिवस कळा सोसल्यावर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं. बाळ तर जातंच, लघवी सतत गळत राहते, वास येतो, नवरा टाकतो, गाव टाकतं. याला फिस्टुला म्हणतात. हॅम्लिन दांपत्य तिथेच राहिलं. १९७४ मध्ये खास या आजारासाठी त्यांनी रुग्णालय काढलं. रेजिनाल्ड १९९३ मध्ये वारले. कॅथरीन मार्च २०२० मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, अदिस अबाबातच गेल्या. तोवर ६० हजारांहून अधिक स्त्रिया तिथून बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या.

मामितू गाशे यांच्याविषयी मात्र सावकाश वाचावं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डोंगराळ गावातून ही किशोरवयीन मुलगी याच आजाराने हॅम्लिन यांच्याकडे आली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बरी होता होता ती वॉर्डात हाताखाली मदत करू लागली, मग ऑपरेशनच्या टेबलाशी, मग स्वतः टाके घालू लागली. पुढे ती फिस्टुलाची नावाजलेली शल्यचिकित्सक झाली, तेही कुठल्याही वैद्यकीय पदवीशिवाय. बाहेरून शिकायला येणारे पदवीधर डॉक्टर तिच्या हाताकडे बघून शिकत. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन दांपत्याबरोबर तिचाही सुवर्णपदकाने गौरव केला. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत फिस्टुलाचं प्रकरण शिकवताना हे नाव घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आता केनेमा. हे लिहिणं जड जातं. सिएरा लिओनमधल्या या शहराच्या सरकारी रुग्णालयात लासा तापाचा विभाग होता. उंदरांतून पसरणारा हा जीवघेणा ताप. विभाग सांभाळणारे डॉ. अनिरू कॉन्टे २००४ मध्ये रुग्णाची सुई टोचून त्याच तापाने गेले. त्यांची जागा घ्यायला कुणी सहजासहजी तयार होईना. शेख उमर खान या तिशीतल्या डॉक्टरने ती घेतली. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संशोधक वर्षानुवर्षं तिथे येत-जात राहिले, प्रयोगशाळा सुधारली, आणि मे २०१४ मध्ये इबोला देशात शिरला तेव्हा पहिला रुग्ण याच प्रयोगशाळेत ओळखला गेला. वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका म्बालू फॉनी जुलैत इबोलाने गेल्या. खान यांना लागण झाली, त्यांना कैलाहूनच्या केंद्रात हलवलं. तिथे झीमॅप नावाचं प्रायोगिक औषध उपलब्ध होतं. माणसांवर ते अजून वापरलेलं नव्हतं. ते द्यावं की न द्यावं यावर परदेशी तज्ज्ञांत खल झाला आणि न देण्याचं ठरलं. २९ जुलै २०१४ रोजी खान गेले. काही दिवसांतच लायबेरियात लागण झालेल्या दोन अमेरिकन सेवाकर्मींना तेच औषध दिलं गेलं. ते दोघेही वाचले.

न देण्यामागे कारणं होती. औषधाने त्यांचा जीव गेला असता तर लोकांचा उपचार केंद्रांवरचा उरलासुरला विश्वासही उडाला असता, ही भीती खरी होती. निर्णय घेणारी माणसं वाईट नव्हती. तरीही हा प्रसंग या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाला माहीत असायला हवा, असं मी म्हणेन. एकाच साथीत, एकाच धोक्यात, शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांसाठी दोन वेगळी गणितं मांडली जातात, हे जो स्वयंसेवक जाणत नाही त्याने त्या देशात पाऊल ठेवू नये. त्याच ऑगस्टमध्ये इबोलाच्या विषाणूचा जनुकीय अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलाने गेलेले होते. खान आणि फॉनी त्यांत होते.

घाईने केलेल्या मदतीने होणारं नुकसानही डोळ्यांआड करता येत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातून पथकं लोटली. काहींनी उत्तम काम केलं. काहींनी पाय कापले आणि कागदावर नोंद न ठेवता परतले. मागे राहिलेल्या हैतीच्या डॉक्टरांना कुणाला कसली भूल दिली, जखम कशी बांधली, काहीच कळायला मार्ग नव्हता. या अनुभवानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष आणि वर्गवारी ठरवली. त्या देशाच्या सरकारकडे नोंदणी, कागदपत्रं, नंतरच्या उपचारांची व्यवस्था, सगळं त्यात आलं. दान केलेल्या यंत्रांचंही असंच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार गरीब देशांतल्या रुग्णालयांतली सुमारे ४० टक्के वैद्यकीय यंत्रं बंद पडलेली होती. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती शिकवलेली नाही, विजेचा दाब जुळत नाही. एखादा दाता चकचकीत यंत्र पाठवतो, त्याचा फोटो छापून येतो, आणि तिथल्या डॉक्टरला ते ठेवायला खोली रिकामी करावी लागते.

म्हणून जाऊच नये का? ‘लॅन्सेट’च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये जो हिशेब मांडला त्यानुसार जगातल्या ५०० कोटी माणसांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. एवढं मोठं काम पाहुण्यांच्या दोन आठवड्यांनी उरकणारं नाही. ते तिथल्याच माणसांना करावं लागणार, आणि पाहुण्याने त्या माणसांच्या हाताला बळ द्यावं. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. भामरागड तालुक्यात हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून राहिले म्हणूनच शहरांतले सर्जन तिथे शिबिराला जाऊ शकतात. रुग्णाला आधी तपासणारं, त्याची माडिया भाषा जाणणारं, ऑपरेशननंतर महिनाभर त्याची जखम बघणारं कुणीतरी तिथे आहे, हे शिबिराला येणाऱ्या सर्जनला पक्कं ठाऊक असतं. आफ्रिकेत किंवा नेपाळात जाणाऱ्यानेही आधी हेच विचारायला हवं: मी परतल्यावर माझ्या रुग्णाला कोण बघणार? उत्तर मिळालं नाही, तर ऑपरेशन न करणं हीच सेवा.

या संग्रहातले काही लेख अवघडलेले आहेत, काही जरा भाबडे. मला ते तसेच आवडले. एका लेखिकेने आपल्या शेजारी भूल देणाऱ्या परिचारिकेवर इतक्या तपशिलाने लिहिलं आहे की ती बाई वाचणाऱ्यासमोर उभी राहते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत भूल देणारे बहुतेक जण डॉक्टर नसतातच. प्रशिक्षित परिचारिका आणि तंत्रज्ञ हे काम करतात, केटामिन या भुलीच्या औषधाच्या भरवशावर, कधी मॉनिटरशिवाय, नाडीवर बोट ठेवून. मोझांबिकच्या जिल्हा रुग्णालयांत सिझेरियनदेखील मोठ्या संख्येने शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलेले तंत्रज्ञच करतात. आपल्याकडे पदवीचा मान फार. त्यामुळे इथून जाणाऱ्या सर्जनला अशा तंत्रज्ञाच्या हाताखाली सहायक म्हणून उभं राहणं सुरुवातीला जड जातं. तरी या पुस्तकातले सर्जन उभे राहिले, आणि काय शिकलो ते त्यांनी लिहिलं.

लेखांचा क्रम देशांनुसार नाही, कामानुसार लावला आहे: भूल, बाळंतपण, डोळे, साथी. ज्यांना स्वतः जायचं आहे त्यांनी भुलीचे लेख आधी वाचावेत. कुठली औषधं तिथे मिळतात, ऑक्सिजन कुठून येतो, वीज गेली की जनरेटर कोण चालू करतं, रक्त द्यायला रात्री कुणाला उठवायचं, हे सगळं त्यांत आहे, आणि ज्यांना उठवायचं त्यांची नावंही, जिथे त्यांनी परवानगी दिली तिथे.